मनगटावरचं पाणी

हळू चालणारे सिनेमे मला आवडत नाहीत. पडद्यावर कोणी चहा प्यायला बसलं तर त्यानं तो पिऊन मोकळं व्हावं, पाच मिनिटं कपाकडे बघत बसू नये, असं माझं साधं मत आहे. पौडला माझ्या माहेरी अम्मा होती तोवर रोज दुपारी टीव्हीवर सिनेमा चालायचा. मारामारी, लग्न, ताटातूट आणि पुन्हा भेट, सगळं तीन तासांत उरकायचं. अम्मा ताटातुटीला रडायची आणि भेटीलाही रडायची. मी तिला हसायचे. "अगं, ते पैसे घेऊन रडतात, तू फुकट कशाला रडतेस?" असं म्हणायचे. ती पदरानं नाक पुसत मला गप्प करायची आणि पुन्हा रडायला लागायची.

तर त्या शनिवारी मी सिनेमा बघायला म्हणून गेलेच नव्हते. ब्लाउज द्यायला गेले होते. मारुंजीत आम्ही भाड्यानं राहतो आणि पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन आहे. आसपासच्या सोसायट्यांतल्या बायकांचे ब्लाउज, फॉल-पिको, ड्रेस कमीजास्त करून देणं हे माझं काम. त्यातल्या एका मॅडमनी, ज्यांची एक बाही मी तीनदा उसवून शिवली होती, निरोप दिला की दुपारी मी क्लबहाउसमध्ये आहे, तिथंच आणून द्या. गेले तर आत पडदे ओढलेले, प्रोजेक्टर लावलेला, वीस-पंचवीस खुर्च्या मांडलेल्या. महिन्यातून एकदा ही मंडळी जमून वेगळे सिनेमे बघतात म्हणे. मॅडमनी पिशवी हातात घेतलीच नाही. "अहो ताई, बसा ना. ट्राय तर करा. एसी आहे, पॉपकॉर्न आहे," असं म्हणून त्यांनी मला खुर्चीत बसवलं. बाहेर एप्रिलचं ऊन होतं आणि मी स्कूटीवरून भाजत आले होते. खरं सांगायचं तर एसीचा मोह झाला. पिशवी मांडीवर घेऊन बसले.

सिनेमा कुठल्या देशातला होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. खाली इंग्रजी अक्षरं यायची आणि मी अर्धी वाचेपर्यंत निघून जायची. पण बोलणं इतकं कमी होतं की फारसं अडलं नाही. डोंगर, बर्फ आणि दगडी घर. घरात दोघीच, एक म्हातारी आई आणि पन्नाशीची मुलगी. मुलगी दारातला बर्फ फावड्यानं ओढायची, आई बटाटे सोलायची. मुलगी आत यायची, आई तिच्याकडे न बघता ताट सरकवायची. दोघींचं काहीतरी बिनसलेलं होतं, पण काय ते सिनेमा सांगत नव्हता. अर्धा तास हेच. माझ्या मनात आलं, अम्मा असती तर म्हणाली असती, ह्यास्नी बोलायचं बिल येतंय का काय, एक शब्द बोलत न्हाईत. मी हळूच घड्याळ बघितलं. परत जाऊन दोन फॉल लावायचे होते.

मग एका सकाळी आई उठली नाही.

मुलगी तिच्या खाटेपाशी उभी राहिली. रडली नाही, हाकही मारली नाही. दार उघडून बाहेर गेली तर कमरेइतका बर्फ. रस्ता नव्हता, कोणी येणार नव्हतं. ती परत आत आली, घरातलं सगळ्यात मोठं पातेलं घेतलं, बर्फानं गच्च भरलं आणि चुलीवर चढवलं.

माझ्या शेजारची बाई पॉपकॉर्न खात होती. हॉलमध्ये कोणाला अजून काही कळलं नसावं. मी मात्र मांडीवरची पिशवी मुठीत धरली. इतकं पाणी चहाला लागत नाही. ते कशाला लागतं हे मला माहीत होतं, कारण माझी अम्मा आयुष्यभर तेच काम करत आली होती.

आमच्यात माणूस गेलं की दफन करायच्या आधी त्याला आंघोळ घालतात, तिला गुसल म्हणतात. पुरुषाला पुरुष घालतात, बाईला बाया. पौडला आणि वर धरणापर्यंतच्या गावांत आमची घरं थोडी, कुठं चार, कुठं दोन. त्यामुळे कुठल्याही घरातली बाई गेली की अम्माला बोलावणं यायचं. एरवी ती अब्बांच्या बांगड्यांच्या दुकानात बसायची. गिऱ्हाईक बाई कुठल्याही जातीची असो, अम्मा तिचा हात हातात घेऊन दाबायची, नजरेनंच माप सांगायची आणि न बोचता बांगडी चढवायची. निरोप आला की हातातली बांगडी खाली ठेवून उठायची. तिची धाकटी बहीण, माझी खाला, दोन गल्ल्या सोडून राहायची, ती बरोबर निघायची. एसटी असो, टेंपो असो, नाहीतर कोणाच्या तरी मोटरसायकलीवर दोघी बहिणी एकामागे एक बसलेल्या, मांडीवर बोरीच्या पाल्याची पिशवी. पाण्यात तो पाला उकळतात. त्यासाठी आमच्या परसातली बोर अम्मानं कधी तोडू दिली नाही, तिचे काटे आमच्या चपलांत घुसायचे तरी.

त्या कामाचे तिचे नेम होते. अंगावरची चादर शेवटपर्यंत काढायची नाही, चादरीखालूनच धुवायचं. उजवी बाजू आधी. तीन वेळा पाणी, शेवटच्या पाण्यात कापूर. आणि प्रत्येक तांब्या ओतायच्या आधी थोडं पाणी आपल्या मनगटावर, आतल्या बाजूला टाकून बघायचं, तान्ह्या पोरासाठी बघतात तसं. मी एकदा शहाणपणा केला होता, "मेलेल्या माणसाला काय चटका बसणार आहे?" अम्मा थांबली. "तुला कुनी सांगितलं बसत न्हाई म्हनून?" एवढंच म्हणाली.

सगळ्यात मोठा नेम म्हणजे, तितं बघितलं ते तितंच ठिवायचं. कोणाच्या पाठीवर कसले वण होते, कोण किती झिजली होती, हे तालुक्यात माझ्या अम्माइतकं कोणालाच ठाऊक नसेल. त्यातलं एक अक्षर तिनं कधी बाहेर काढलं नाही. मला याचा फार राग यायचा. मला गावगप्पांची आवड, आणि घरात एवढी खाण असून दाराला कुलूप.

मी पंधरा वर्षांची झाले तेव्हा ती मला एकदा बरोबर घेऊन गेली, तांब्या भरून द्यायला. ओळखीचीच आजी होती, जिवंतपणी मला खडीसाखर द्यायची. सगळं नीट चाललं होतं. कूस वळवताना त्या आजीचा हात लाकडी तख्त्यावरून घसरला आणि माझ्या पोटरीला लागला. ओला आणि थंड. मी तांब्या टाकून जी पळाले ती पार रस्त्यापर्यंत. कितीतरी दिवस मी ती पोटरी घासून घासून धुवायचे. पुढं मयताच्या कुठल्याही घरात मी सगळ्यात मागं, दाराजवळ बसायला लागले. अम्मानं यावरून मला कधी टोमणा मारला नाही. पण शेवटच्या वर्षी, दुखणं अंगावर बसल्यावर, एक दिवस माझ्या डोक्याला तेल लावता लावता म्हणाली, "माझ्या टायमाला पानी तू घाल. खाला हाय, ती समदं करंल. तू नुसतं पानी घाल." मी म्हणाले, "घालीन की." आणि तेल कानावर ओघळलं म्हणून तिच्यावर करवादले.

ती गेली त्याला आता सहा वर्षं झाली. मी तेव्हा महिनाभर माहेरीच होते. त्या दिवशी पहाटे खालानं आणि मी तिच्या खाटेशेजारीच नमाज पढली, कारण तिला ते ऐकायला हवं असायचं. नऊच्या सुमाराला ती गेली. दुपारपर्यंत घर भरलं, मागच्या अंगणात चादरी लावून आडोसा केला, चुलीवर पातेलं चढलं. परसातल्याच बोरीचा पाला तोडला. मग खाला मला शोधत आली. तिच्या बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या होत्या. "चल," म्हणाली.

मी म्हणाले, "मला नमाज नाही."

पाळी असली की आमच्यात बायका नमाज पढत नाहीत, आणि तेव्हा गुसललाही हात लावत नाहीत. ते उघड बोलायची पद्धत नाही, म्हणून एवढंच म्हणायचं असतं. त्यावर पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि मी नेमकं म्हणूनच ते कारण काढलं. ते खोटं होतं. मला काहीही झालं नव्हतं. मला फक्त त्या तख्त्यापाशी जायचं नव्हतं. तिचा हात घसरून माझ्या अंगाला लागेल, आणि माझ्या आईच्या हाताची मला किळस येईल, याची मला भीती वाटत होती. हात लागण्यापेक्षाही किळस येईल याची जास्त.

खालानं माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाली. आत गेली आणि चादर ओढून घेतली.

मी भिंतीला टेकून बसले. आतून पाण्याचा आवाज येत होता. ओतल्याचा, मग थांबल्याचा, मग पुन्हा. प्रत्येक वेळी थांबलं की मला कळायचं, आता खाला मनगटावर बघते आहे. शेजारच्या बायका मला धरून बसल्या होत्या. एक म्हणाली, "बिचारीला आईला हात पन लावता आला न्हाई. वेळच अशी आली बगा." मी मान हलवली. त्यांनी माझ्यावर केलेली दया मी बसल्या जागी सगळी घेतली.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

आणि त्या क्लबहाउसच्या अंधारात पडद्यावरचं पाणी उकळायला लागलं होतं.

पुढचं मला नीट सांगता येईल की नाही माहीत नाही. त्या घराला एकच खिडकी होती, बारकी. तिच्यातून उजेडाचा एक तुकडा आत आला होता आणि म्हातारीच्या पावलांवर पडला होता. मुलगी खोली झाडते, तख्त्यासारखी एक फळी मांडते, आईला उचलते. एकटीला उचलवत नाही, तेव्हा ती आईला मिठी मारते आणि तशीच मागं मागं सरकत तिला फळीवर नेते. या सगळ्यात वेळ जातो, आणि उजेड पावलांवरून घोट्यांवर येतो, घोट्यांवरून गुडघ्यांवर. कोणी घाई करत नाही. ज्या संथपणाचा मला अर्ध्या तासापूर्वी वैताग आला होता, तोच आता मला हवा होता. हे संपू नये असं मला वाटत होतं, आणि त्याच वेळी उठून पळावंसंही वाटत होतं.

कपडे काढायच्या आधी तिनं आईच्या अंगावर चादर टाकली. मैलोगणती बर्फात माणूस नव्हतं, बघणारं कोण होतं? तरी टाकली. आणि मग तिनं चमच्यानं थोडं पाणी घेतलं आणि आपल्या मनगटावर टाकलं. आतल्या बाजूला. थांबली. पातेल्यात मूठभर बर्फ घातला, ढवळलं, पुन्हा मनगटावर टाकलं.

मी तोंडावर हात दाबला. कुठल्या तरी दूरच्या देशातली बाई, माझ्या अम्माचं नाव तिनं ऐकलेलं नाही, कलमा तिला माहीत नाही, आणि तिला हे कोणी शिकवलं? मेलेल्याला चटका बसतो हे तिला कोणी सांगितलं? मी रडायला लागले ते नाकातोंडातून. अम्मा रडायची तसं. शेजारच्या बाईनं पॉपकॉर्नचा डबा खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघण्याची फार सभ्यपणे काळजी घेतली.

ती बाई धूत होती. हात, बोटं, बोटांमधल्या जागा. मान. केस तिनं मोकळे केले, पांढरे, वाटलं नव्हतं इतके लांब, आणि विंचरले. आयुष्यात दोघी एकमेकींकडे धड बघत नव्हत्या, आणि आता ती आईच्या कानामागची घडी पुसत होती. उजेड वर चढत चढत म्हातारीच्या चेहऱ्यावर आला तेव्हा तिचं काम संपलं होतं. तिनं जाऊन दार उघडलं. खोलीत कोंडलेली वाफ एकदम बाहेर निघाली आणि उन्हात गेली, आणि मग नुसता बर्फ. पडद्यावर बराच वेळ काही नव्हतं, पांढरं, आणि वाऱ्याचा आवाज. मी फार धार्मिक बाई नाही, पाचातल्या दोन नमाजा माझ्या मशीनवर बुडतात. पण तेव्हा मला वाटलं की या खोलीत कोणीतरी आहे, आणि ते मला बघतंय, आणि त्याला सगळं माहीत आहे. मला त्याच्यासमोर बसवेना आणि उठवेना.

दिवे लागले. मला वाटलं आता लोक गुपचूप घरी जातील. पण चर्चा असते म्हणे. एक गृहस्थ म्हणाले, "लाइटचा यूज काय केलाय, सुपर्ब." दुसरे म्हणाले, "सेकंड हाफ थोडा स्ट्रेच होतो, नाही?" कोणीतरी म्हणालं की बर्फ म्हणजे त्यांच्या नात्यातला गोठलेपणा. मला इतका संताप आला. एक बाई आपल्या आईला धुते आहे आणि यांना बर्फाचा अर्थ लावायचा आहे. मॅडमना माझे सुजलेले डोळे दिसले असावेत. त्या हळूच म्हणाल्या, "ताई, तुम्हाला कसा वाटला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तिचं चुकलं. तिनं डावा हात आधी धुतला. उजवी बाजू आधी धुवायची असते."

सगळे माझ्याकडे वळले. कोणी हसलं नाही. मॅडमनी विचारलं, "तुम्ही... तुम्ही कधी केलंय हे?"

आणि मी म्हणाले, "हो. माझ्या आईला मीच पाणी घातलं."

का म्हणाले? मला अजून कळत नाही. खोटं बोलायला तिथं काहीच कारण नव्हतं. ते लोक माझे कोणी लागत नव्हते. पण तो सिनेमा बघून इतकं हवंसं वाटत होतं ते, की ते घडलंच होतं असं तोंडानं बोलून टाकलं. मॅडमचे डोळे भरले. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, "किती भाग्यवान आहात तुम्ही. मला माझ्या आईच्या वेळी पोचताही आलं नाही." त्या बिचारीनं खरं सांगितलं होतं, माझ्या खोट्याच्या बदल्यात. मी हात सोडवून घेतले, ब्लाउजची पिशवी दिली आणि निघाले. पिशवी माझ्या मुठीत इतकी चुरगळली होती की आतल्या ब्लाउजला इस्त्री परत करावी लागली असणार. त्यांनी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही.

पुढचे आठ दिवस माझ्या हातून धड काम झालं नाही. एका ब्लाउजचा गळा मागचा पुढं शिवला. स्वयंपाकाला पाणी ठेवलं तर ते तापताना बघत उभी राहायचे. नवरा म्हणाला, "काय झालंय?" मी म्हणाले, "सिनेमा बघितला." तो म्हणाला, "मग नको बघत जाऊस." त्याचं काही चुकलं नाही, त्याला काय माहीत. पहिलं खोटं मी भीतीनं बोलले होते, त्याला एक वेळ माफी असेल. दुसऱ्या खोट्यात मी न घातलेलं पाणी माझ्या नावावर लावलं आणि त्यावर लोकांची शाबासकी मिळवली. हे मला गिळता येईना.

नवव्या दिवशी मशीनवर कापड टाकलं आणि स्कूटी काढली. माण ओलांडून घोटवड्याच्या रस्त्यानं पौडला पोचले तेव्हा दुपार कलायला लागली होती.

खाला आता एकटीच राहते. अम्मा गेल्यावर गुसलचं काम तिनं एकटीनं केलं, गुडघे होते तोवर. आता गुडघे गेले, एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यानं अंदाजे दिसतं. तालुक्यात कोणी शिकलं नाही, म्हणून आता बाई गेली की पुण्याहून बायका बोलवाव्या लागतात. त्या गाडीनं येतात, तासाभरात उरकून जातात. खालाचा त्यांच्यावर फार राग. मी आत गेले तेव्हा ती परातीत तूरडाळ घेऊन हातानं चाचपून खडे काढत होती, आणि मी बसायच्या आधीच तिचं सुरू झालं. गेल्या आठवड्यात वरच्या गावात कोणी म्हातारी गेली होती. "हातमोजे घालत्यात बया. रबराचे. पानी ऊन हाय का गार, त्यास्नी काय कळतंय? वतलं की झालं."

मी म्हणाले, "खाला, मला तुला एक सांगायचंय."

"सांग की."

"अम्मा गेली त्या दिवशी मला नमाज होती."

तिचा हात डाळीतच राहिला. मग एक खडा तिला सापडला, तो तिनं बाजूला टाकला. "ठावं हाय," म्हणाली.

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. "अगं, मी खोटं बोलले. मला काही झालं नव्हतं."

"ठावं हाय म्हनलं न्हवं? पहाटं फजर पढलीस की माज्याशेजारी. खांद्याला खांदा लावून. आन दुपारच्याला म्हनतीस नमाज न्हाई."

सहा वर्षांत हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मी जे कारण इतकं हुशारीनं काढलं होतं, ते त्याच बाईला सांगितलं होतं जिनं पहाटे माझ्याबरोबर सजदा केला होता. मी म्हणाले, "मग तू तेव्हाच का नाही बोललीस? इतक्या वर्षांत एकदा तरी बोलायचंस."

"तितं बघितलं ते तितंच ठिवायचं," खाला म्हणाली. "ते काय नुसतं मयताचंच आसतंय व्हय?"

मी रडले. खालाच्या परातीत रडले म्हटलं तरी चालेल. तिनं परात सरकवून बाजूला केली, डाळ ओली होऊ नये म्हणून. मला जवळबिवळ घेतलं नाही, तिचा तो स्वभाव नाही. मी म्हणाले, "अम्मानं मला सांगितलं होतं, नुसतं पाणी घाल."

"मला बी सांगितलं व्हतं." तिनं गुडघा चोळला. "शेवटचा तांब्या तुज्यासाठी ठिवला व्हता मी. कापराचा. भरून हातात घेऊन हुभी राह्यले. म्हनलं येती का बघू. पडद्याजवळ तुजी पावलं दिसत व्हती. लई वाट बघितली. मग पानी निवाय लागलं, तवा घातलं."

"निवलं होतं?"

खाला खोटं बोलत नाही. "जरासं," ती म्हणाली.

हे मी ऐकायला नको होतं असं मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही काही दिवशी वाटतं. अम्मानं जन्मभर कोणाच्या अंगावर गार पाणी पडू दिलं नाही. तिच्या अंगावर शेवटचं पाणी निवलेलं पडलं, ते माझी वाट बघण्यात निवलं. आणि मी चार पावलांवर भिंतीला टेकून, शेजारणीच्या खांद्यावर डोकं ठेवून ते पडल्याचा आवाज ऐकत होते.

खाला मला बराच वेळ रडू देत बसली. मग म्हणाली, "ऊठ. असरच्या नमाजची वेळ झाली. वजूला पानी तापव."

नमाजेच्या आधी हातपाय धुतात ते वजू. एप्रिलमध्ये त्याला तापवलेलं पाणी कोणी घेत नाही, माठाजवळच्या बादलीतलंच घेतात. पण खालाला कशाला म्हणून विचारायची सोय नसते. मी गॅसवर पातेलं ठेवलं, पाणी कोमट झाल्यावर तांब्यात घेतलं आणि मोरीपाशी आणलं. ती पाटावर बसली आणि दोन्ही हात पुढं केले. बांगड्या नसलेले, शिरा वर आलेले हात. अगदी अम्माचे. मी त्यातला एक धरला आणि तांब्या वाकवला.

"डावा कशाला धरलास?" खाला म्हणाली. "उजवा आदी."

क्लबहाउसमध्ये वीस माणसांसमोर दुसऱ्याची चूक काढणारी मी. मी हात बदलला. पाणी ओतणार इतक्यात तिनं मनगट मागं घेतलं. "बघितलंस का?"

मी बघितलं नव्हतं. तांब्यातलं थोडं पाणी माझ्या मनगटावर टाकलं, आतल्या बाजूला. कोमट होतं, मला तरी बरं वाटलं. मग तिच्या उजव्या हातावर धार धरली. तिचा ओला हात माझ्या बोटांना लागला, मऊ आणि जिवंत. तिनं ते पाणी ओंजळीत जरा धरून ठेवलं आणि सोडून दिलं.

"आजून जरा तापव," ती म्हणाली. "मला थंडी लई वाजती."

मी म्हणाले, "एवढ्या उन्हात?"

"आत्ताचं कोन म्हनतंय? माज्या टायमाचं सांगती," खाला म्हणाली.

मी उठले आणि पातेलं पुन्हा गॅसवर ठेवलं.